कानाला कळणारे मथळे

बाळाजी विश्वनाथ १७१९ साली चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतला आणि पुढे बादशाही दरबारातील पेशव्यांची वकिली नाशिकच्या हिंगणे घराण्यात चालत राहिली. महादेवभट आणि त्यांचे पुत्र बापूजी, दामोदर व पुरुषोत्तम यांच्या पत्रव्यवहारापैकी जो कालौघातून वाचला, तो ग. ह. खरे यांनी ‘हिंगणे दफ्तर’ या नावाने १९४५ पासून प्रसिद्ध केला. अभ्यासकांनी त्यातून वजिरांचे डावपेच आणि अब्दालीच्या हालचाली शोधल्या, हे योग्यच झाले. परंतु अशा पत्रांच्या मांडणीलाही इतिहास आहे आणि तिकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

मोडी लिहिणारा कारकून आधी ओळ आखी आणि मग तिला अक्षरे लटकावीत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, सारा मजकूर एकसलग. त्यात मुद्दा सापडावा कसा? ‘पौ’ असा शेरा मारून पत्र पावल्याची तिथी नोंदविली जाई. मायना व कुशलवृत्त आटोपले की ‘विनंति विशेष’ अथवा ‘विज्ञापना ऐसीजे’ हे ठराविक शब्द येत आणि तेथून मूळ प्रकरण सुरू झाले, हे ऐकणाऱ्यासही उमगे. ऐकणाऱ्यास असे मुद्दाम म्हणतो, कारण पत्रे धन्यापुढे वाचून दाखविली जात. यादीत तर प्रत्येक बाब स्वतंत्र कलम होई आणि तिचा जाबही कलमवार जाई. अक्षर मोठे न करता, केवळ ठरल्या जागी ठरला शब्द योजून प्रकरणाचा दर्जा सांगणारी ही रीत मला अत्यंत प्रगल्भ वाटते.

छापखान्याने मथळा डोळ्यांच्या स्वाधीन केला. संगणकाच्या पानावर तो पुन्हा कानाचाही झाला: तेथे मथळ्यांच्या सहा पायऱ्या मुक्रर आहेत आणि एनव्हीडीएसारखी वाचक-प्रणाली वापरणारा अंध वाचक ‘एच’ ही कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातो, प्रत्येक मथळा आणि त्याची पायरी त्याला ऐकू येते. शिष्यवृत्तीच्या लांबलचक सूचनेतील ‘अर्जाची अंतिम तारीख’ त्याला क्षणात गाठता येते. दिल्लीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली, आणि मथळ्यास मथळा म्हणूनच खूण करावी, ही अपेक्षा त्यांत अंतर्भूत आहे.

तरीही कित्येक कचेऱ्यांत ओळ निवडून ती नुसती ठळक करण्याचाच प्रघात आहे. डोळ्यांना तो मथळा भासतो. वाचक-प्रणालीला मात्र ते इतरांसारखेच एक वाक्य असते, आणि पान कशाविषयी आहे हे ताडू पाहणाऱ्या शोधयंत्राचाही एक भरवशाचा आधार जातो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. ते प्रकरण ओळख-पडताळणीच्या पद्धतीचे होते खरे, पण सूचनाफलकाची जागा घेतलेल्या प्रत्येक सरकारी पानास ते तत्त्व लागू व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि राजधानीतील दफ्तरांनी आरंभ करावा तो पानोपानी दिसणारा ‘महत्त्वाची सूचना’ हा मथळा काढून, त्या जागी सूचनेचा विषय लिहिण्यापासून.