छाटणीच्या दिवसांत तासगाव

शरद ऋतू म्हणजे द्राक्षांच्या सुगीचा काळ, ही समजूत आपल्या मनात कोठून रुजली असावी? बहुधा युरोपातील चित्रांतून आणि मिशनरी फादरांनी सांगितलेल्या त्यांच्या गावाकडच्या आठवणींतून. फ्रान्स-इटलीत सप्टेंबर-ऑक्टोबरात घड उतरतात आणि गावोगावी द्राक्षारसाची तयारी सुरू होते. तीच समजूत घेऊन मी एका ऑक्टोबरात सांगली जिल्ह्याकडे निघालो आणि पुरता फसलो.

सातारा सोडल्यावर गाडी कोरेगाव, कऱ्हाड करीत कृष्णेच्या खोऱ्यातून जाते, तेव्हा दोन्ही बाजूंस ऊसच ऊस दिसतो. मी किर्लोस्करवाडीला उतरलो. (१९१० साली औंध संस्थानच्या उजाड माळावर वसलेली ही उद्योगनगरी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) तिच्या शेजारी पलूस, आणि येरळा ओलांडली की तासगाव. येथून द्राक्षबागांचा मुलूख सुरू होतो. पण बागेत एकही घड नव्हता! तारांच्या मांडवाखाली स्त्री-पुरुष कात्र्या चालवीत होते आणि जमिनीवर काड्यापानांचा खच पडला होता. माझा चेहरा पाहून वयस्कर बागायतदार हसले. म्हणाले, "द्राक्षं खायाला फेब्रुवारीत या, पाव्हणं. आता निस्तं डोळं बघायचं."

डोळे म्हणजे काडीवरील फुटवे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे तिला तशी झोप नाही, म्हणून येथे माणूस वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालवतो. एप्रिलची ती खरड छाटणी. तीनंतर नव्या काड्या वाढतात आणि पुढच्या घडाचा गर्भ डोळ्यात धरतो. ऑक्टोबरची ती फळछाटणी. तीनंतर तो डोळा फुटतो आणि साधारण चार महिन्यांनी द्राक्षे तयार होतात. दख्खनची ही चाल नवी नव्हे. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली आहे. आजचा बागायतदार मात्र दोन छाटण्या करून पीक एकच घेतो.

तासगावच्या आजच्या बागांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. 'थॉम्पसन सीडलेस' ही परदेशी बिनबियांची जात येथे स्थिरावली, आणि तीतूनच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवड करून 'तास-ए-गणेश' ही जात दिली. प्रयोगशाळेत नव्हे, स्वतःच्या बागेत वेगळी दिसलेली वेल हेरून! या गोष्टीचे आपल्याकडे पुरेसे कौतुक झाले नाही, असे मला वाटते.

मग येथे द्राक्षारस का होत नाही? प्रयत्न झाला. राज्य शासनाने २००१ साली वाईन धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्याने योजिली. नाशिक पुढे गेले, पलूस मागे राहिले. अडचण वेलीतच होती. थॉम्पसन ही खाण्याची व वाळवण्याची जात. वाईनसाठी शिराझ, कॅबरने अशा वेगळ्या जाती लावाव्या लागतात, आणि त्यांना गिऱ्हाईक एकच : वाईनरी. तिने माल नाकारला तर तो ना बाजारात खपतो, ना त्याचा बेदाणा होतो. २००८च्या मंदीनंतर राज्यात नेमके हेच घडले आणि अनेकांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या.

सांगलीने भरवसा ठेवला तो बेदाण्यावर. शब्दच पाहा : फारसीत 'बे-दाना', म्हणजे बिनबियांचा. घड पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या द्रावणात बुडवले की सालीवरचा मेणचट थर सैल होतो. मग सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर ते सुमारे दोन आठवड्यांत वाळतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आपणा कॅथलिकांना या बेदाण्याविषयी आणखी एका कारणाने जवळीक वाटावी. मिस्सासाठी द्राक्षारस द्राक्षवेलीच्या फळाचाच व न बिघडलेला असावा, असा १९८३च्या धर्मसंहितेचाही दंडक आहे. द्राक्षे न पिकणाऱ्या केरळात तो कोठून आणावा? तेथील संत थोमाचे ख्रिस्ती लोक परदेशी गलबतांतून आलेल्या मनुका पाण्यात भिजवून त्यांचा रस काढीत, असे सोळाव्या शतकातील पोर्तुगिजांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे वाळलेल्या फळाने कित्येक पिढ्यांची वेदी चालविली.

संध्याकाळी पश्चिमेकडे ढग जमले, तेव्हा बागायतदारांचे बोलणे तुटक झाले. फळछाटणीनंतर कोवळी फूट व फुलोरा असताना पाऊस लांबला तर दावण्या रोग येतो आणि घड कुजून गळतात. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेच झाले होते. छाटणी आधी उरकली तर पावसाची भीती, उशिरा केली तर माल एकदम बाजारात येऊन भाव पडण्याची. तारीख ठरवावी लागते ती मात्र आताच. त्यांनी अर्धी बाग छाटली होती आणि अर्धी राखून ठेवली होती.

निघताना त्यांच्या सुनेने शीतगृहात ठेवलेल्या गेल्या हंगामातील बेदाण्याची पुडी हातात दिली. मी पैसे देऊ लागलो, तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पाऊस नाही आला तर फेब्रुवारीत पैसं देऊन न्या." ते पुन्हा आभाळाकडे पाहू लागले.