दिवाडीचे महाले, विजापूरचे बिशप

१/ नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. तोवर कोल्हापूरचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता, आणि या आदिलशाहीसाठी रोमने एक स्वतंत्र कॅथलिक धर्माधिकारी नेमलेला होता. तो ना इटालियन होता, ना पोर्तुगीज. गोव्याच्या दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात त्याचा जन्म झाला होता.

२/ मातेउस दे कास्त्रो, मूळ घराणे महाले, जन्म १५९४ च्या सुमारास. धर्मशिक्षण झाले, तरी गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना पाद्रीपदाची दीक्षा दिली नाही. बाटलेल्या एतद्देशीयांच्या हाती अधिकार जाणे पोर्तुगीजांना मानवणारे नव्हते.

३/ तेव्हा कास्त्रो खुष्कीच्या मार्गाने रोमला गेले. काळ अनुकूल होता. पूर्वेकडील चर्चवर पोपनेच पूर्वी पोर्तुगालच्या राजाला हक्क दिले होते. ते आता रोमलाच जाचू लागले होते. म्हणून १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ ही संस्था निघाली. गोव्याने जे नाकारले ते तिने दिले: आधी दीक्षा आणि १६३७ मध्ये बिशपपद. लॅटिन पंथातील ते पहिले भारतीय बिशप.

४/ पण बिशप कोठले? कागदोपत्री दूरच्या ख्रिसोपोलिसचे. कारभार मात्र आदिलशाहीचा. गोव्यात त्यांचे अधिकार मानावयास कोणी तयार नव्हते. अखेर त्यांनी नदीपलीकडे, आदिलशाही हद्दीतील डिचोलीत बस्तान बसविले. गोलघुमट ज्याची कबर आहे, त्या महंमद आदिलशहाच्या राज्यात या ख्रिस्ती धर्मगुरूला आसरा मिळाला. (सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर दिवाडीचा सप्तकोटेश्वरही याच डिचोली महालात, नार्व्याला आला होता. बेट एक, आश्रयाची वाटही एक.)

५/ १६५३ मध्ये कास्त्रो यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ हे जळजळीत लेखन करून गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती समाजाला पोर्तुगीजांविरुद्ध उभे राहण्यास चेतविले. अन्यायाची चीड खरी होती. पण हाक शीर्षकातच एका जातीपुरती राहिली, हेही नोंदविले पाहिजे. १६५४ मध्ये विजापूरची फौज गोव्यावर चालून आली, तेव्हा तिला आणि वेंगुर्ल्याच्या डचांना कास्त्रो यांची फूस असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी केला.

६/ रोमलाही हे प्रकरण जड झाले. कास्त्रो यांना परत बोलावले गेले आणि त्यांचे उरलेले आयुष्य रोममध्येच सरले. १६६९ मध्ये त्यांच्या जागी कुस्तोदियो द पिन्यो नेमले गेले. तोवर विजापूरच्या त्या मुलखाचा बराच भाग स्वराज्यात आला होता.