कृष्णविवरातली मोजदाद

गरम चहात थंड चहा ओतला की एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, वाढते. पण तो चहाच कृष्णविवरात फेकून दिला तर ती एन्ट्रॉपी गेली कुठे? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हीलर यांनी हा पेच आपला विद्यार्थी जेकब बेकेन्स्टाइन याच्यापुढे टाकला. बेकेन्स्टाइनने धाडसी उत्तर काढलं: कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे जिथून परत येता येत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळावर ठरते. स्टीफन हॉकिंग यांना हे आधी मुळीच पटलं नाही. मात्र १९७४मध्ये त्यांच्याच गणितातून कृष्णविवराला तापमान असल्याचं निघालं आणि सूत्र पक्कं झालं. प्लांक एककांत, म्हणजे निसर्गाचे मूलभूत स्थिरांक १ धरून, एन्ट्रॉपी म्हणजे क्षेत्रफळाचा एक चतुर्थांश.

बोल्ट्झमनच्या नियमानुसार एन्ट्रॉपी म्हणजे सूक्ष्म अवस्थांच्या संख्येचा लॉगरिदम. मग कृष्णविवरात मोजायचं तरी काय?

मूलकणांना कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा मानणाऱ्या स्ट्रिंग थिअरीने मोजण्याजोगी वस्तू दिली. गडहिंग्लजमध्ये जन्मलेले अतीश दाभोलकर आणि जेफ्री हार्वी यांनी १९८९मध्ये हेटेरोटिक नावाच्या प्रकारातल्या स्ट्रिंगच्या काही खास अवस्था दाखवल्या. महासममितीमुळे, म्हणजे दोन प्रकारच्या कणांना जोडणाऱ्या सममितीमुळे, या अवस्थांचं गणित परस्परक्रिया वाढली तरी बिघडत नाही. या स्ट्रिंगला एका दिशेने कंप पावायला २४ वाटा असतात. कंपनाचं एक एकक असेल तर २४ अवस्था. दोन असतील, तर दोन्ही एकाच कंपनात एकवटण्याचे २४ आणि दोन कंपनांत वाटण्याचे ३००, असे एकूण ३२४ प्रकार. तिसऱ्या एककाला आकडा ३२००वर जातो. पुढे तो किती झपाट्याने फुगतो, याचा अंदाज बांधण्याची रीत गणितज्ञ हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८मध्येच घालून दिली होती.

१९९५मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशोक सेन यांनी ही मोजणी तितक्याच वस्तुमानाच्या आणि भाराच्या कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीशी ताडून पाहिली. दोन्हींची वाढ एकाच तऱ्हेची निघाली. अडचण एवढीच, की या कृष्णविवराच्या क्षितिजाचं क्षेत्रफळ गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या सिद्धान्तात शून्य भरत होतं. सेन यांना ते क्षितिजापासून किंचित दूर मोजावं लागलं, त्यामुळे नेमका गुणक हाती आला नाही.

असा गुणक एका वेगळ्या कृष्णविवरासाठी १९९६च्या जानेवारीत अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी मिळवला. त्यांनी पाच मितींतलं विद्युतभारित कृष्णविवर निवडलं. त्याच्या क्षितिजाचं क्षेत्रफळ शून्य नव्हतं. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी काही महिन्यांपूर्वीच उलगडलेल्या डी-ब्रेनवरच्या, म्हणजे स्ट्रिंगची टोकं जिथे चिकटतात त्या पृष्ठांवरच्या, अवस्था त्यांनी मोजल्या, आणि मोठ्या भारांसाठी उत्तर काटेकोर जुळलं, एक चतुर्थांशासकट.

सेन यांचं कृष्णविवरही मागे राहिलं नाही. २००४मध्ये टाटा संस्थेतच दाभोलकरांनी स्ट्रिंग थिअरीतल्या दुरुस्त्या हिशेबात धरल्या. शून्य क्षेत्रफळाच्या जागी क्षितिज उभं राहिलं आणि अडलेला गुणकही जुळला. २०१२मध्ये समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासह त्यांनी आणखी गुंतागुंतीच्या कृष्णविवरांची मोजदाद मांडली. तिच्यासाठी लागलेल्या फलनांचं मूळ रामानुजन यांनी १९२०च्या जानेवारीत हार्डींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात आहे.