चमकी, मिशी आणि फ्लॉपी

गिरगावात, खोताच्या वाडीत माझं आजोळ. समोरच्या घराच्या लाकडी जिन्यावर एक आंटी बसलेली असायची. तिला ऐकू येत नसे. गल्लीपलीकडच्या मैत्रिणीशी ती हातांनी बोले. मला वाटायचं, नुसते हातवारे आहेत, नीट पाहिलं की कुणालाही कळतील.

एकदा तिनं तर्जनी नाकपुडीच्या बाजूला टेकवली. मी समजलो, सर्दी झाली असेल. ती म्हणत होती, ‘बाई’. भारतीय सांकेतिक भाषेत बाईची खूण नाकातल्या चमकीवरून आली, पुरुषाची मिशीवरून. गंमत म्हणजे आंटीच्या स्वतःच्या नाकात काहीच नव्हतं.

सेव्हच्या बटणावर अजून फ्लॉपी असते. आमच्या टीममधल्या नव्या पोरांनी फ्लॉपी कधी हातातही घेतलेली नाही, तरी काम अडत नाही. खुणेचंही तसंच. ती जन्मते दिसण्यातून, पण वापरात रुळली की चित्र मागे पडतं आणि शब्द उरतो.

शिवाय काय दाखवायचं, हे भाषा ठरवते. ‘झाड’ घ्या. अमेरिकन खुणेत कोपरापासून हात उभा आणि पंजा पसरून हलवायचा. डॅनिश खुणेत दोन्ही हातांनी आधी घेर, मग खोड रेखायचं. चिनी खुणेत खोड हातांत धरल्यासारखं करून हात वर न्यायचे. तिन्ही झाडासारख्याच, पण एकमेकींसारख्या नाहीत.

हे साम्यच खुणांना नडलं. ही नक्कल आहे, भाषा नव्हे, असं मानलं गेलं. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला: कर्णबधिर मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं. त्याच दशकात बिशप लिओ मूरिन यांनी मुंबईत कर्णबधिरांची शाळा काढली. पुढं देशातल्या बहुतेक अशा शाळांत ओठ वाचणं आणि उच्चार यांवरच भर राहिला. खुणा मुलं एकमेकांकडून शिकत, वर्गाबाहेर.

१९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी दाखवलं, की हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांतून खूण घडते, जसा ध्वनींतून शब्द. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश मात्र आला २०१८ मध्ये, ३,००० शब्दांचा. २०२१ पर्यंत ते १०,००० झाले.

आंटी मला चष्मा वर सरकवल्याची खूण करून हाक मारते. लेझर करून चष्मा जाऊन चार वर्षं झाली. नाव तेच आहे.