अपग्रेड: आज, उद्या की परवा?

मंडळी, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हा आमच्या धंद्यातला सनातन प्रश्न. सध्या माझ्याकडे ऑफिसचे चार प्रकल्प आहेत. चारही रूबी ऑन रेल्सवर, पण प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. (काका-मावशी मंडळींसाठी: फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. खांब आयते मिळतात, भिंती आपण बांधायच्या.) कुठले खांब आधी बदलायचे हे ठरवण्यापूर्वी जरा इतिहास चाळला.

रेल्स २.३ आलं मार्च २००९ मध्ये. त्याच्या जरा आधी, डिसेंबर २००८ मध्ये, रेल्स आणि त्याचा प्रतिस्पर्धी मर्ब यांनी एकत्र यायचं ठरवलं होतं. त्यातून ऑगस्ट २०१० मध्ये रेल्स ३ आलं आणि आतलं बरंच काही बदललं. जुने प्लगिन मोडले. साहजिकच अनेकांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं.

मग ८ जानेवारी २०१३ उजाडला. रेल्समधलं एक भयंकर भोक जाहीर झालं: बाहेरून एक विशिष्ट विनंती पाठवून कुणीही तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. दुरुस्त आवृत्त्या निघाल्या त्या २.३, ३.०, ३.१ आणि ३.२ च्या. त्याहून मागे राहिलेल्यांनी आपापलं बघायचं!

गिटहबचीच गोष्ट घ्या. कितीतरी वर्षं ते रेल्स २.३ ची स्वतःची प्रत सांभाळत बसले होते. पुढे ३.२ वरून ५.२ वर जायला त्यांना साधारण दीड वर्ष लागलं; ऑगस्ट २०१८ मध्ये काम फत्ते झालं. युक्ती साधी होती. एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा ठेवायचा: लोकांना जुनी, टेस्टना नवी.

यातून मला एवढंच कळलं की नवीन सोयी बघून तारीख ठरवू नये. आपल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ते बघावं. २०२४ पासून रेल्सचा नियम आहे: सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं.

माझ्या चारांपैकी तिघांची मुदत शिल्लक आहे. चौथ्याची संपली, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त पैसे देणारा ग्राहक. साहेब म्हणतात, त्याला शेवटी हात लावू. मी म्हणतोय, त्यालाच आधी, एकेक पायरी चढत. तोवर त्याची नवी कामं थांबतील, हे सोमवारी त्याला मलाच सांगायचंय.

असो. तुमच्याकडे हा वाद कसा मिटतो, जरूर कळवा.