ताराशिकोमी

जपानी चित्रकलेतील, विशेषतः पुष्पचित्रांतील, एक रंगलेपनपद्धती. पहिला लेप ओला असतानाच त्यात दुसरा रंग वा केवळ पाणी सोडावयाचे, हे तिचे सूत्र होय. दोहोंच्या मिसळण्यातून पानाफुलांच्या छटा बाह्यरेषेवाचून सिद्ध होतात. शाई वा खनिज रंग, सरस आणि पाणी एवढीच सामग्री लागते. कागदाला वा रेशमाला आधी सरस व तुरटीचे पाणी दिलेले असते. त्यामुळे रंग लगेच न शोषला जाता पृष्ठभागावर रेंगाळतो. दुसरा रंग केव्हा सोडावा, हे मात्र सरावानेच कळते. चुकलेला लेप पुसता येत नाही.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्योटोच्या तावाराया सोतात्सूने ही पद्धती रूढ केली. ओगाता कोरीन (१६५८–१७१६) हा त्याचा प्रत्यक्ष शिष्य नव्हे. सोतात्सूची चित्रे नकलूनच तो शिकला. त्याच्या लाल व पांढऱ्या प्लमच्या पडद्यांवरील जुनाट खोडे या पद्धतीचा उत्कृष्ट नमुना आहेत. पुढे एदोच्या साकाई होइत्सूनेही कोरीनला असेच गुरुस्थानी मानले व १८१५ मध्ये त्याच्या शंभराव्या स्मृतिवर्षानिमित्त त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्याची खरी मानवंदना मात्र चित्रातच आहे. कोरीनने सोनेरी पडद्यांवर वायू व मेघगर्जना यांच्या देवता रंगविल्या होत्या. त्यांच्याच पाठीवर, चांदीच्या वर्खावर, होइत्सूने पावसाने वाकलेली उन्हाळी फुलझाडे व वाऱ्याने झुकलेली शरदातील तृणे रंगविली. जतनासाठी दोन्ही बाजू पुढे विलग करण्यात आल्या. त्यामुळे या पावसावाऱ्याचे कारण आता प्रेक्षकाला सांगावे लागते.