ओळ कोठें मोडावी?

रत्नागिरीजवळील पावस येथें १९०३ सालीं जन्मलेल्या स्वामी स्वरूपानंदांनीं ज्ञानेश्वरी सोप्या मराठींत अभंगरूपानें आणली. ती मूळ ज्ञानेश्वरी छापखाने येण्यापूर्वीं शतकानुशतकें हातानें नकलून घेतली जात असे. पोथीचें पान आडवें व रुंद. शब्द एकमेकांस लागून. ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत. ओवी संपली म्हणून लेखनिक नवी ओळ घेत नसे. तो उभे दंड व अंक घालून तसाच पुढें लिही. त्यामुळें पुढच्या नकलकारानें अरुंद कागद घेतला तरी ओवी बिघडत नसे. ओळ कागदाची, ओवी कवीची.

पुढें मुद्रण आलें. ६ जानेवारी १८३२ रोजीं पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत ‘दर्पण’ पत्र काढलें. त्यांत दोन स्तंभ असत, एक मराठी व एक इंग्रजी. स्तंभ अरुंद असल्यानें ओळ लवकर संपे. परंतु ती मोडण्याचें काम खिळे जुळविणाऱ्याचें होतें, लिहिणाऱ्याचें नव्हे.

संगणकाच्या पडद्यावर मात्र हा भेद हरपला. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर सामान्यतः २४ ओळी आणि ओळींत ८० अक्षरें मावत. १९८० सालीं अमेरिकेंत यूझनेटवर सार्वजनिक संदेशांची देवघेव सुरू झाली व ते वाचण्यासाठीं ‘न्यूजरीडर’ प्रोग्रॅम निघाले. लॅरी वॉल यांचा ‘आरएन’ १९८४ चा. लिहिणारे बहुधा सत्तर-बहात्तर अक्षरांवर स्वतःच ओळ तोडीत. उत्तर देणारा मूळच्या प्रत्येक ओळीआधीं अवतरणाची खूण घाली. उत्तरावर उत्तर होतां होतां खुणा वाढत, ओळ ८० पलीकडे जाई आणि तिचा शेवटचा शब्द खालीं एकटा पडे. त्याच्याआधीं खूण नसल्यानें एकाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडीं जाई. ओळ मुळींच न तोडावी, तर कित्येकदां ती पडद्याच्या कडेस शब्दाच्या मधोमध मोडे.

१९९९ सालीं ठरलेल्या व २००४ सालीं सुधारलेल्या नियमानें यावर तोड काढली. ओळीच्या अखेरीस रिकामी जागा असेल, तर ती केवळ रुंदीसाठीं मोडली आहे असें समजून पुढली ओळ तिला जोडावी. नसेल, तेथें परिच्छेद संपला. अवतरणाच्या खुणा वेगळ्या मोजाव्या. सर्वच प्रोग्रॅमांनीं हा नियम पाळला नाहीं. परंतु त्यांतील तत्त्व पोथीचेंच होतें. अर्थ कोठें संपतो हें लिहिणाऱ्यानें सांगावें; ओळ कोठें मोडावी हें वाचणाऱ्याच्या पानावर सोडावें.